आतड्यातील सूक्ष्मजीव आणि उतारवयातील बुद्धी (खानदेशी आहाराच्या संदर्भात)

मोठ्या आतड्यातले जिवाणू वनस्पतिजन्य अन्नाच्या चोथ्यावर जगतात. त्यातून ते जी द्रव्ये तयार करतात, त्यांचा परिणाम मेंदूपर्यंत पोचतो. या नात्याचा अभ्यास गेल्या वीसेक वर्षांत झपाट्याने वाढला आहे. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण सगळा दोष वयावर टाकते, ताटात काय पडते हे विचारत नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबार मिळून होणाऱ्या खानदेशात तरी ते विचारायला हवे, कारण इथले जुने रोजचे जेवण या जिवाणूंना मानवणारेच होते.

माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, असा अंदाज आहे. त्या सगळ्यांचे मिळून वजन जेमतेम २०० ग्रॅम भरते आणि त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात असतात. ज्वारीचा कोंडा, उडदाची साल किंवा कांद्यातले इन्युलिन असा चोथा, म्हणजेच तंतू, आपल्या पाचकरसांना फोडता येत नाही. ते तसेच खाली उतरते आणि जिवाणू ते आंबवतात. त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही मेदाम्ले तयार होतात. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना ब्युटिरेट हे मुख्य इंधन लागते. अस्तर धड असले की जिवाणूंचे त्रासदायक घटक रक्तात झिरपत नाहीत आणि अंगात धुमसत राहणारा दाह आटोक्यात राहतो. उतारवयात हा दाह वाढतो व मेंदूलाही त्याची झळ लागते. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात. जिवाणूंविना वाढवलेल्या उंदरांत त्या अर्धवट घडलेल्या राहतात आणि पिण्याच्या पाण्यातून ही मेदाम्ले दिली की सुधारतात, असे २०१५ मध्ये दिसून आले. याखेरीज आतडे आणि मेंदू यांना जोडणारी व्हेगस ही चेता आहे. निरोपांची ये-जा तिच्यातूनही होते.

हे झाले उंदरांचे. माणसांतला पुरावा अजून बांधला जात आहे. आयर्लंडमध्ये १७८ वृद्धांची पाहणी झाली (२०१२). तीत दीर्घकाळ शुश्रूषागृहात राहणाऱ्यांच्या आतड्यातले जिवाणूंचे वैविध्य घरी राहणाऱ्यांपेक्षा कमी निघाले. आहार एकसुरी आणि प्रकृतीही अधिक क्षीण. युरोपातल्या पाच देशांत ६५ ते ७९ वयाच्या ६१२ जणांचा अभ्यास झाला, त्यांतल्या काहींना वर्षभर भाज्या, डाळी, फळे व अख्खी धान्ये भरपूर असलेला भूमध्यसागरी आहार दिला गेला. ज्यांनी तो नीट पाळला, त्यांच्यात जिवाणूंचा मेळ बदलला आणि त्या बदलाचा संबंध कमी दाहाशी व चांगल्या आकलनाशी दिसला (२०२०). ब्रिटनमध्ये साठीपुढच्या जुळ्यांच्या ३६ जोड्यांत एकाला १२ आठवडे तंतूंची पूड दिली, दुसऱ्याला निव्वळ दिखाऊ पूड. तंतू घेणाऱ्यांची स्मरणचाचणी सुधारली (२०२४). याउलट अमेरिकेत ६०४ जणांवर तीन वर्षे चाललेल्या आहारप्रयोगात मेंदूसाठीचा आहार घेणारा व तुलनेसाठीचा, असे दोन्ही गट थोडे सुधारले, पण त्यांच्यात ठरण्याजोगा फरक निघाला नाही (२०२३). म्हणून अमुक खाल्ले की विसरणे थांबते, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

खानदेशी ताटातला सर्वांत मोलाचा पदार्थ म्हणजे कळण्याची भाकरी. साधारण चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद आणि थोडे मीठ असे एकत्र दळून आणतात. उडीद अख्खे घेतात, साल काढत नाहीत, आणि खरी गोम इथेच आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम अख्ख्या उडदात सुमारे २० ग्रॅम तंतू असतात, सालीविना डाळीत १२ च्या आसपास. ज्वारीत १० ग्रॅम आहेत, पॉलिश केलेल्या तांदळात तीनही नाहीत. शिजलेला स्टार्च थंड झाला की त्यातला काही भाग पचायला अवघड होतो व थेट जिवाणूंच्या वाट्याला जातो. ताकात कुस्करलेली शिळी भाकरी म्हणजे हलके अन्न, अशी समजूत आहे. जिवाणूंसाठी ती मेजवानी असते.

भरिताचेही तसेच. हिरवी-पांढरी मोठी वांगी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजतात. साल करपून सुटते, आतला गर वाफाळत राहतो. तो लाकडी भांड्यात ठेचून हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि मूठमूठ कांद्याची पात घालतात. सालीतली द्रव्ये भाजण्या-सोलण्यात जातात, पण गरातले क्लोरोजेनिक आम्ल हे वनस्पतिजन्य द्रव्य काही अंशी उरते आणि जिवाणू त्याचे विघटन करतात. पात आणि लसूण इन्युलिनच्या जातीचे तंतू पुरवतात. रावेर-यावलच्या केळीचे गणित मात्र वेगळे आहे: कच्च्या केळ्यात न पचणारा स्टार्च भरपूर असतो, पिकताना त्याची साखर होते. कच्च्या केळ्याची भाजी आणि तळलेले वेफर यांना एकाच मापाने मोजता येत नाही. शेवभाजीही वनस्पतिजन्यच, पण तेल आणि मीठ इतके असते की रक्तदाब असलेल्या म्हाताऱ्या माणसाने ती सणावारापुरती ठेवावी. वाढलेला रक्तदाब हा स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारा ठाऊक असलेला धोका आहे.

वैविध्य सातपुड्यात सर्वांत अधिक. धडगाव-अक्कलकुवा भागातल्या पावरा आणि भिल्ल घरांत ज्वारी, मका, भगर, तूर आणि पावसाळ्यातल्या रानभाज्या हे सारे वर्षभरात आलटून पालटून पोटात जाते. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत आठवड्याला ३० हून अधिक प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांच्या आतड्यात दहापेक्षा कमी प्रकार खाणाऱ्यांहून जास्त जातींचे जिवाणू आढळले (२०१८).

माळकरी आणि शाकाहारी घरांत एक गोष्ट विसरून चालणार नाही. बी-१२ जीवनसत्त्व भाकरी-भाजीतून मिळत नाही. मोठ्या आतड्यातले काही जिवाणू ते बनवतात, पण ते शोषले जाते त्याआधीच, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, त्यामुळे ती कमाई आपल्या हाती लागत नाही. वयानुसार जठरातले आम्ल कमी होते, मधुमेहावरचे मेटफॉर्मिन आणि पित्तावरच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्याने शोषण आणखी घटते. बी-१२ ची कमतरता स्मरणशक्ती ढासळवते, वेळीच सापडली तर बरीच भरून निघते. दूध, दही, ताक किंवा चालत असल्यास अंडे, आणि एकदा रक्ततपासणी, हे विसरभोळेपणाला ‘वय झाले’ म्हणण्याआधी करायला हवे.

मुले पुण्या-सुरतेला गेलेल्या घरात एकटी राहिलेली आजी चहा-टोस्टवर दिवस काढू लागते. भाकरी थापायची ताकद नाही आणि दात नाहीत, ही दोन कारणे. दातांचा अडसर दूर करता येतो: कळण्याची भाकरी गरम वरणात चुरून पाच मिनिटे मुरू दिली की ती बोटांनी कुस्करता येईल इतकी मऊ होते, आणि चुरल्याने तंतू कमी होत नाहीत. सुरुवात अर्ध्या भाकरीने करावी, नाहीतर पोट फुगते. सोबत पाणी वाढवावे, विशेषतः भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो त्या दिवसांत, कारण म्हातारपणी तहान उशिरा कळते आणि अंगातले पाणी आटले की माणूस गोंधळल्यासारखे बोलू लागतो.