अमिगाच्या हार्ड डिस्कची चार गिगाबाइटची वेस

अमिगा १२०० या कमोडोर कंपनीच्या जुन्या घरगुती संगणकात मोठी डिस्क किंवा कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसवलं, सगळं सुरळीत चाललं आणि काही आठवड्यांनी एकाएकी ‘नॉट अ डॉस डिस्क’ असा संदेश आला, की दोष डिस्कला दिला जातो. पुष्कळदा डिस्क ठणठणीत असते. तिला फॉरमॅट करण्याआधी ही मागची हकीकत माहीत असायला हवी.

१९८५ चा पहिला अमिगा ८८० किलोबाइटच्या फ्लॉपीवर चालायचा. त्याची डॉस, म्हणजे डिस्क आणि फाइली सांभाळणारी प्रणाली, केंब्रिज विद्यापीठातल्या ट्रायपॉस प्रणालीवरून घेतलेली. तिच्या फाइल सिस्टिममध्ये (डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीत) ५१२ बाइटच्या प्रत्येक ब्लॉकमधले २४ बाइट हिशेबाला राखलेले असत: ब्लॉक कोणत्या फाइलचा, कितवा, पुढचा कुठे, शिवाय चेकसम, म्हणजे ब्लॉक बिघडला का ते ताडायचा आकडा. काम संथ, पण डिस्क मोडली तरी तुकडे जुळवता येत. हार्ड डिस्कसाठी आलेल्या फास्ट फाइल सिस्टिमने डेटाच्या ब्लॉकमधून हे २४ बाइट काढून टाकले. वेग वाढला, पण ब्लॉकची ओळख पुसली गेली. म्हणून तिथे ‘चेकसम एरर’ दिसली तर बिघाड बहुधा फाइलच्या किंवा फोल्डरच्या हेडर ब्लॉकमध्ये, म्हणजे तिची माहिती ठेवणाऱ्या ब्लॉकमध्ये असतो. आतला मजकूर खराब झाला तर फाइल सिस्टिमला त्याचा पत्ताच लागत नाही.

१९९२ मध्ये अमिगा ६०० आणि १२०० आले, हार्ड डिस्क लावायची आयडीई जोडणी मदरबोर्डवरच मिळाली. (डिस्कशी बोलणाऱ्या ड्रायव्हर प्रोग्रामचं नाव मात्र स्कझी या वेगळ्या जोडणीवरून ‘स्कझी डॉट डिव्हाइस’च राहिलं, आणि त्याने आजही नवखे गोंधळतात.) ड्रायव्हरला वाचायची जागा बाइटमध्ये, ३२ बिटांच्या आकड्यात सांगितली जायची. त्यात ४,२९,४९,६७,२९६ बाइटपर्यंतच मोजता येतं. त्या वेशीपलीकडे लिहायला गेलं की आकडा शून्यावरून पुन्हा सुरू होतो आणि नवी फाइल डिस्कच्या तोंडाशी जाऊन बसते. पार्टिशनची (डिस्कच्या आखलेल्या भागांची) नोंद ठेवणारा रिजिड डिस्क ब्लॉक पहिल्या सोळा ब्लॉकांतच असतो, यंत्र ज्यावरून सुरू होतं ते वर्कबेंचचं पार्टिशनही सहसा लगेच त्याच्या मागे. म्हणजे घाव नेमका वर्मी बसतो, आणि तोही डिस्क भरत आल्यावर, कधीतरी.

दुसरी खोड ‘मॅक्स ट्रान्सफर’ची, म्हणजे एका वेळी किती बाइट हलवायचे त्या मर्यादेची. आयडीईच्या एका आज्ञेत २५६ सेक्टरांपर्यंतच (सेक्टर म्हणजे ५१२ बाइटचा तुकडा) उचलता येतात. डिस्क आखायच्या एचडीटूलबॉक्स या प्रोग्राममधला आकडा त्याहून फार मोठा असायचा. लहान फाइली नीट, मोठ्या मात्र बिघडलेल्या, असं दिसलं की मी सर्वात आधी हाच आकडा बघतो. तो १,३०,५६० बाइटवर, म्हणजे २५५ सेक्टरांवर आणावा, बिघडलेल्या फाइली पुन्हा कॉपी कराव्यात.

कमोडोर १९९४ मध्ये बुडाली, त्यामुळे मोठ्या डिस्कचा अधिकृत आधार मिळायला १९९९ चं अमिगाओएस ३.५ यावं लागलं. पण आज चालू असलेल्या कितीतरी यंत्रांत अजून अमिगाओएस ३.१ चीच रॉम (प्रणालीचा गाभा असलेली चिप) आहे. अशा यंत्रात नवी फाइल सिस्टिम किंवा ड्रायव्हर घातलेला नसेल, तर सगळी पार्टिशनं पहिल्या चार गिगाबाइटच्या आतच आखावीत आणि उरलेली जागा मोकळी सोडावी.