पिक्चरमधला स्मोक अलार्म की स्मोक डिटेक्टर? आधी बघा बोंब कोण मारतंय

पिक्चर बघताना छताकडे बघणारी एक जमात असते. हिरो काय बोलतोय ते गेलं खड्ड्यात, मागच्या भिंतीवरचा लाल डबा कुठल्या जमान्यातला, छतावरचा पांढरा गोल डबा खरा की नुसता चिकटवलाय, हे पॉज करकरून बघणारे लोक. मी त्यातलाच, आता सुधारायची आशा नाही. आणि या नादात नवीन आलेला माणूस जिथे हमखास गंडतो ती जागा म्हणजे स्मोक अलार्म आणि स्मोक डिटेक्टर. दोन्ही पांढरे, दोन्ही गोल, दोन्ही छताला, दोन्हीवर बारीक लाल लाइट. एरवी बोलताना लोक दोघांना काहीही म्हणतात, आणि म्हणू देत, पण एखादा सीन खरा आहे की लेखकाने थाप मारलीय हे ओळखायचं तर हे दोन वेगळे प्राणी आहेत हे डोक्यात पक्कं पाहिजे.

सोपी खूण एकच: धूर आल्यावर बोंब कोण मारतंय?

स्मोक अलार्ममध्ये सगळं एकाच डब्यात असतं. धूर ओळखणारा चेंबर, करंटची सोय म्हणजे बॅटरी किंवा घरची वायर किंवा दोन्ही, आणि भोंगा. धूर आला की तो स्वतःच किंचाळतो. घराघरात असतो तो हा. डिटेक्टर बिचारा मुका. तो मोठ्या बिल्डिंगच्या फायर अलार्म सिस्टमचा भाग, त्याला पॅनलकडून, म्हणजे सगळी सिस्टम चालवणाऱ्या मुख्य डब्याकडून, साधारण २४ व्होल्ट मिळतात, धूर दिसला की तो वायरीवरून पॅनलला कळवतो आणि गप्प बसतो, म्हणजे वर्गातलं चुगलखोर पोरगं कसं स्वतः आरडाओरडा करत नाही, बाईंना जाऊन सांगतं, तसं. पुढे काय करायचं, भिंतीवरचे हॉर्न वाजवायचे, लिफ्ट खाली आणायच्या, फायर ब्रिगेडला कळवायचं, ते सगळं पॅनल ठरवतं. अमेरिकेत दोघांची स्टँडर्डसुद्धा वेगळी आहेत, यूएल नावाच्या सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेची, अलार्मला यूएल २१७ आणि सिस्टमच्या डिटेक्टरला यूएल २६८.

दोन्हीची उदाहरणं सगळ्यांनी बघितलेलीच आहेत. 'फ्रेंड्स'च्या सातव्या सीझनमध्ये, २००१ साली आलेल्या त्या रात्रभर जागरणाच्या एपिसोडमध्ये फीबीचा स्मोक अलार्म बंदच होत नाही. ती तो फोडते, गुंडाळून कचऱ्याच्या शूटमध्ये टाकून देते आणि वर फायरमन तो परत आणून देतो. हा शंभर टक्के घरगुती अलार्म, कारण छतावरून काढल्यावरही आवाज त्याच्यातूनच येतोय. बॅटरी काढल्यावरही वाजतो हे अगदीच अशक्य नाही बरं का, आतल्या कपॅसिटरमध्ये थोडा चार्ज उरतो, म्हणून तर बॅटरी काढून टेस्टचं बटण दाबून धरा असं सांगतात, पण त्याच्यावर एखाद-दोन चिवचिव निघेल, रात्रभर नाही. जोकसाठी ताणलंय, चालतं. आता हाच सीन ऑफिस बिल्डिंगमध्ये घडला असता आणि तिने छताचा डिटेक्टर पिळून काढला असता तर तिच्या हातात काहीच वाजलं नसतं. उलट पॅनलवर ट्रबलची पिवळी लाइट लागून तिथे टीं टीं सुरू झालं असतं आणि थोड्या वेळाने मेंटेनन्सवाला वर आला असता, की कोणी काढलं रे हे.

दुसरं टोक म्हणजे १९८८चा 'डाय हार्ड'. गुंडांनी ताब्यात घेतलेल्या टॉवरमध्ये अडकलेला हिरो मॅक्लेन मदत बोलवायला फायर अलार्म वाजवतो, खालच्या गँगला लगेच कळतं की अलार्म कुठल्या मजल्यावरून आलाय, ते फोन करून फायर ब्रिगेडला परत पाठवतात आणि एक माणूस थेट त्याच मजल्यावर जातो. मला हा सीन जाम आवडतो, कारण त्यात कोणी न बोलता सिस्टम कशी चालते ते दाखवलंय: सिग्नल पॅनलला जातो, पॅनल जागा सांगतं. घरगुती अलार्म असता तर मजला-बिजला कोणाला कळलाच नसता, जिथे वाजतोय तिथे कान लावून शोधत बसा.

तर पॉज केल्यावर बघायचं काय? घरगुती अलार्म सहसा रुंद आणि चपटा, समोर मोठं टेस्टचं बटण, आणि बाजूला भोंग्याच्या आवाजासाठी जाळी किंवा फटी. सिस्टमचा डिटेक्टर व्यासाने जरा छोटा, त्याच्याखाली बेस असतो आणि डिटेक्टर त्यात पिळून बसवलेला असतो, मधला भाग खाली उतरलेला, त्याच्या कडेने गोल फिरत धूर आत जायच्या फटी. बटण नाही. बऱ्याच मॉडेलवर दोन एलईडी समोरासमोर असतात, म्हणजे कॉरिडॉरच्या कुठल्याही टोकाकडून एक तरी दिसावी. बटण दिसलं तर अलार्म, नाही दिसलं आणि खाली उतरलेलं पोट दिसलं तर डिटेक्टर, एवढं धरून चाललात तरी बहुतेक वेळा बरोबर येईल. फसवणारे प्रकार आहेतच, जसं की डिटेक्टरच्या बेसमध्येच सायरन बसवलेला असतो, मग वाटतं की तोच ओरडतोय, पण हुकूम पॅनलचा असतो. वायरलेस सिस्टमच्या डिटेक्टरमध्ये बॅटरी पण असते. असो, पिक्चरमध्ये इतकं खोलात कोणी जात नाही.

मग ती कुप्रसिद्ध चिवचिव. बॅटरी संपत आली की घरगुती अलार्म तीस सेकंदांनी किंवा मिनिटाने एकदा टीक करतो. हा आवाज कितीतरी शोमध्ये आणि घरातून दिलेल्या इंटरव्ह्यूमध्ये मागे ऐकू येतो, आणि बघणारे उठून आपल्याच घरातले अलार्म तपासायला लागतात. ऑफिसच्या सीनमध्ये छतावरून अशी चिवचिव आली तर समजायचं साउंडवाल्याने गडबड केलीय, कारण सिस्टमच्या साध्या डिटेक्टरमध्ये बॅटरीच नसते. बॅटऱ्या पॅनलमध्ये असतात, चांगल्या जाडजूड, लाइट गेली तर साधारण २४ तास सिस्टम जागी ठेवून वर अलार्म वाजवता येईल एवढ्या.

लाइटचं पण तसंच. दिग्दर्शकांना ती लाल एलईडी भारी आवडते, अंधारी खोली, क्लोजअप, दर सेकंदाला टप टप टप, बाँबचा टायमर असल्यासारखी. खऱ्यात बॅटरीवाल्या अलार्मची लाइट बऱ्याचदा मिनिटाला एकदा चमकते, डिटेक्टरची काही सेकंदांनी, आणि डिटेक्टरला धूर लागला की ती सहसा लागून राहते, पॅनलवरून रीसेट करेपर्यंत. आणि घरगुती अलार्म वाजत असला की त्याची लाइट भराभर लुकलुकते. म्हणजे पिक्चरवाले जी 'सगळं ठीक आहे'ची लाइट दाखवतात ती खरं तर आग लागल्याची असते.

आवाजावरून सालपण कळतं कधीकधी. अमेरिकेत १९९६च्या मध्यापासून नवीन सिस्टमला तीन-तीनचा पॅटर्न लागू झाला, अर्धा सेकंद आवाज, अर्धा सेकंद शांत, असं तीनदा, मग दीड सेकंद थांबून परत तेच. त्याआधी घंटा, सलग भोंगा, ठेक्यात वाजणारे हॉर्न, काहीही असायचं. चार-चारचा पटकन होणारा पॅटर्न आला तर तो धुराचा नाही, कार्बन मोनॉक्साइडचा. पण बहुतेक प्रॉडक्शन साउंड लायब्ररीतून कुठलीतरी शाळेची घंटा उचलतात आणि भिंतीवर दिसतो नवा कोरा इलेक्ट्रॉनिक हॉर्न, ज्यात घंटा नाहीच. हे एकदा लक्षात आलं की मग सुटका नाही, दर पिक्चरला खटकतं.

आता माझा खरा राग. हिरो टेबलावर चढतो, डिटेक्टरखाली लायटर धरतो आणि दोन सेकंदांत अख्ख्या मजल्यावर पाऊस. अरे काय! एक तर लायटरच्या स्वच्छ ज्योतीत धूर फारसा नसतो, आणि डिटेक्टर फोटोइलेक्ट्रिक असेल तर तो आतल्या प्रकाशाच्या किरणावर धुराचे कण येऊन प्रकाश विखुरतो का एवढंच बघतो, त्याला कागद जाळून धूर द्यायला पाहिजे. आणि दुसरं, डिटेक्टरचा आणि नेहमीच्या स्प्रिंकलरचा संबंध काय? स्प्रिंकलरच्या तोंडाशी बारीक काचेची नळी असते, आत रंगीत द्रव. लाल म्हणजे ६८ अंश सेल्सिअसला फुटणार, पिवळी ७९ला, हिरवी ९३ला. जी नळी तापून फुटली फक्त तिथूनच पाणी. शेजारचा स्प्रिंकलर कोरडा बसून बघत राहतो. सगळी तोंडं एकदम सुटणारी डेल्यूज सिस्टम असते, पण ती जिथे आग झपाट्याने पसरेल अशा धोक्याच्या जागी, वकिलांच्या ऑफिसात नाही. आणि भिंतीवरचा लाल हँडल ओढला म्हणून तर स्प्रिंकलर अजिबातच सुटत नाहीत. शिवाय पाइपात महिनोन् महिने तुंबलेलं ते पाणी पहिल्यांदा काळं, गंजकं आणि वास मारणारं येतं, हिरॉइनचे केस त्यात असे चमकणार नाहीत.

पण प्रॉडक्शनवाल्यांची बाजूपण समजून घेतली पाहिजे. स्टुडिओतल्या सिटकॉमच्या सेटला बऱ्याचदा छतच नसतं, वर लाइट टांगलेले असतात. मग अलार्म लावणार कुठे? म्हणून तो भिंतीवर येतो, आणि भिंतीवर लावताना कॅमेऱ्यात दिसावा म्हणून डोळ्यांच्या उंचीला. धूर वर जातो, त्यामुळे भिंतीवरचा खरा अलार्म छतापासून ३० सेंटिमीटरच्या आत पाहिजे. डोळ्यांच्या पातळीच्या खाली, अमेरिकेत साधारण १०७ ते १२२ सेंटिमीटरवर, जे असतं ते हाताने ओढायचं पुल स्टेशन, आणि हॉर्न-स्ट्रोब, म्हणजे भोंगा आणि लखलखणारी लाइट एकत्र, त्याच्या बरंच वर, दोन मीटरच्या पुढे. म्हणजे वस्तू अंधुक दिसत असली तरी उंचीवरून अंदाज बांधता येतो. खऱ्या लोकेशनवर शूट असेल तर वेगळीच गंमत, सीनला मूड यावा म्हणून धुराचं मशीन लावतात, त्याने खरे डिटेक्टर बोंबलू नयेत म्हणून बिल्डिंगवाल्यांशी बोलून ते भाग बंद ठेवायचे नाहीतर डिटेक्टर झाकायचे. नवीन डिटेक्टरबरोबर प्लास्टिकचं रंगीत डस्ट कव्हर येतंच. कधीकधी ते कव्हर तसंच राहून जातं आणि गंभीर कोर्टरूम ड्रामामध्ये जजच्या डोक्यावर नारंगी टोपी घातलेला डिटेक्टर दिसतो. हे सापडलं की मला पिक्चरचे पैसे वसूल.

जुन्या काळातल्या गोष्टीत हे दोघं आर्ट डिपार्टमेंटला फार छळतात. घरगुती बॅटरीचा अलार्म अमेरिकेत घराघरात पोचला तो १९७०च्या दशकात, त्यामुळे १९५५च्या घरात पांढरा गोल डबा दिसला की तो लोकेशनच्या मालकाचा, पुसायचा राहिलेला. सिस्टमचे धूर ओळखणारे डिटेक्टर त्याच्या आधीपासून होते पण मोठ्या जागांमध्ये, कोणाच्या बेडरूममध्ये नाही. सार्वजनिक इमारतींमधले पांढऱ्या स्ट्रोबवाले हॉर्न तर १९९०च्या अपंगांसाठीच्या कायद्यानंतर सगळीकडे दिसायला लागले, म्हणून १९७०च्या हायस्कूलच्या कॉरिडॉरमध्ये चकचकीत स्ट्रोब दिसला की हसू येतं.

सगळ्यात जास्त गोंधळ हॉटेलच्या सीनमध्ये, कारण तिथे दोघंही असतात. अमेरिकेतल्या बऱ्याच हॉटेलांत खोलीतला स्मोक अलार्म फक्त त्या खोलीपुरता वाजतो, म्हणजे कोणी सिगरेट ओढली किंवा गरम पाण्याची वाफ बाथरूमबाहेर आली तर त्या पाहुण्याचीच झोप उडणार, फार तर खाली रिसेप्शनला कळेल. अख्खी बिल्डिंग रिकामी करायची तर कॉरिडॉरमधला डिटेक्टर लागला पाहिजे, किंवा स्प्रिंकलरचं पाणी वाहायला लागलं पाहिजे, किंवा कोणीतरी पुल स्टेशन ओढलं पाहिजे. त्यामुळे हिरो खोली नंबर अमुकमध्ये टॉवेल जाळतो आणि पुढच्या शॉटला तीनशे लोक बाथरोबमध्ये रस्त्यावर, हे बघितलं की मी मागे जाऊन एकच बघतो, खोलीचं दार उघडं होतं का. उघडं असेल आणि धूर कॉरिडॉरमध्ये जाताना दाखवला असेल तर लेखकाला माफ, बंद असेल तर नाही.