गोठणशुष्क लस आणि तिचा टिकाऊपणा

गोठवून, मग निर्वातात वाळवून भुकटीच्या रूपात कुपीबंद केलेली लस. बीसीजी, गोवर-रुबेला आणि शेळ्यामेंढ्यांच्या पीपीआर या विषाणूजन्य रोगावरची लस या प्रकारातल्या. त्यांत जिवंत पण दुबळे केलेले जंतू असतात. ते मेले की टोचणी वाया जाते. मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४२ अंशांपुढे जातो, तेव्हा बालाघाटातल्या वाड्या-तांड्यांवर लस शाबूत पोचवणे हे मोठे जिकिरीचे काम आहे.

द्रव गोठवून दाब उतरवला की बर्फ न वितळता थेट वाफ होऊन निघून जातो. नुसते वाळवणे मात्र पुरत नाही. गोठताना आणि वाळतानाही जंतू मरतात. म्हणून आधीच सुक्रोज, ट्रेहॅलोज, सॉर्बिटॉल किंवा जिलेटिन मिसळतात. सुक्रोज म्हणजे आपली उसाचीच साखर. पाणी गेले की तिचे रेणू जंतूंच्या प्रथिनांभोवती त्याची जागा घेतात आणि काचेसारखा घट्ट साचा तयार होतो. त्यात अडकलेल्या प्रथिनांना उलगडायला वाव राहत नाही. ओल वाढली की ही काच कमी तापमानालाच मऊ पडते, त्यामुळे उरलेली ओल साधारण १ ते ३ टक्क्यांवर आणतात. रबरी बूचसुद्धा नीट वाळवावे लागते, नाहीतर ते महिनोन्‌महिने आपली ओल भुकटीला देत राहते. ट्रेहॅलोज या दुसऱ्या साखरेची काच सुक्रोजच्या काचेपेक्षा जास्त उष्णता सोसते.

१९५०च्या दशकात लंडनच्या लिस्टर संस्थेत लेस्ली कॉलिअर यांनी पेप्टोन (अर्धवट पचवलेली प्रथिने) घालून देवीची लस अशी वाळवली. उष्ण देशांत देवी हटवणे त्यामुळेच आवाक्यात आले.

सगळ्यात नाजूक वेळ पाणी मिसळल्यानंतरची. गोवरची कोरडी लस ३७ अंशांत ७ दिवस पुरेशी प्रभावी राहावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. पाणी मिसळलेली तीच लस त्याच तापमानात तासाभरात जवळजवळ निकामी होते. म्हणून मिसळायचे पाणीही आधी थंड करतात, कुपी बर्फाच्या पेटीत ठेवतात आणि ४ तासांनी उरलेली लस टाकून देतात. कुपीवरचे व्हीव्हीएम, म्हणजे उष्णतेने रंग बदलणारे छोटे चिन्ह, आतापर्यंत लागलेली ऊब दाखवते: आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला की ती कुपी वापरायची नाही. या लसींत ते टोपणावर असते, कारण पाणी घातल्यावर त्याच्यावर विसंबता येत नाही.

गोवर आणि पीपीआर यांचे विषाणू एकाच कुळातले, दोघेही उष्णतेला हळवे. पीपीआरच्या एका कुपीत १०० मात्रासुद्धा असतात. उस्मानाबादी शेळ्यांचा कळप रानात पांगल्यावर त्या एकेक करून धरण्यात ऊन चढते आणि फोडलेली कुपी तापते. त्यामुळे लसीकरण पहाटे, कळप वाड्यात असतानाच करावे आणि शेळ्या गोळा झाल्याशिवाय कुपी फोडू नये.