नोटीस आली म्हणजे केस लागली का? फोटोच्या पैशाचं पत्र आणि कोर्टाचं समन्स

नागपुरातली मे महिन्यातली दुपार, बाहेर ४५ डिग्री, मी कूलरसमोर लॅपटॉप घेऊन बसलेलो आणि धरमपेठच्या मिठाईवाल्या काकाजींचा फोन. "बाबू, कोर्टातून नोटीस आली, अडुसष्ट हजार मागून राहिले, आजच भरून टाकतो, आपल्याले कोर्टकचेरी नाही पाहिजे." म्हटलं काकाजी थांबा, एक रुपया भरू नका, येतो मी. गेलो तर गल्ल्यावर ईमेलचं चार पानी प्रिंटआउट पडलेलं, वर कुठल्या तरी कंपनीचा लोगो, खाली संत्रा बर्फीचा फोटो दोनदा छापलेला, एकदा त्यांचा ओरिजिनल म्हणून आणि एकदा काकाजींच्या वेबसाइटचा स्क्रीनशॉट म्हणून, शेवटी लाल अक्षरात १४ दिवसांची मुदत आणि पैसे भरायची लिंक. "कायदेशीर कारवाई" हा शब्द पाच वेळा होता, मी मोजला. कोर्टाने पाठवलेलं मात्र त्यात काहीच नव्हतं.

आणि हो, तो फोटो मीच टाकला होता. साइट बनवताना गुगल इमेजेसमधून उचलला, म्हटलं नंतर दुकानात जाऊन आपला काढू, तो "नंतर" कधी आलाच नाही.

आता दुसरा नमुना पाहा. इतवारीतला माझा मित्र, प्रिंटिंग प्रेस आहे त्याची. त्याने ताडोबाच्या वाघाचा फोटो इंटरनेटवरून घेऊन एका ग्राहकासाठी कॅलेंडर छापलं, वरून प्रेसच्या वेबसाइटवर नमुना म्हणून पण लावलं. फोटोग्राफरच्या वकिलाची नोटीस आली, याने ड्रॉवरमध्ये टाकली. काही महिन्यांनी अजून एक कागद आला, तो पण ड्रॉवरमध्ये. मग तिसरा आला, याचं म्हणणं "अरे तेच लोक पुन्हा पुन्हा पाठवून राहिले बे, काही होत नाही." तिसरा कागद समन्स होता. मी सहज दुसऱ्या कामासाठी गेलो होतो, पावतीबुक शोधता शोधता त्याने ते पाकीट बाहेर काढलं आणि मला तो गोल शिक्का दिसला. समन्स मिळून त्या दिवशी ४१ दिवस झाले होते.

म्हणजे एक जण साध्या पत्राला समन्स समजून पैसे द्यायला निघालेला आणि दुसरा समन्सला पत्र समजून झोपलेला, आणि दोघंही त्या कागदाला "नोटीस" म्हणत होते, घोळ तिथूनच सुरू होतो.

तर पत्र म्हणजे काय. पत्र कोणीही पाठवू शकतो. फोटोग्राफर स्वतः, त्याची एजन्सी, वसुली करणारी कंपनी, किंवा वकील. वकिलाच्या लेटरहेडवर असलं, रजिस्टर्ड एडीने आलं, वर "लीगल नोटीस" असं ठळक छापलेलं असलं तरी ते एका पार्टीने दुसऱ्या पार्टीला लिहिलेलं पत्रच. त्यातली रक्कम कोर्टाने ठरवलेली नसते, ती त्यांनी मागितलेली असते, दुकानात पहिला भाव सांगतात तशी. मुदतही त्यांचीच. पंधरावा दिवस उजाडला म्हणून आपोआप काही होत नाही, फक्त आता पुढे काय करायचं ते त्यांच्या हातात जातं.

पण म्हणून पत्र खोटंच असतं असंही नाही, आणि इथंच लोक चुकतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटो हा कलाकृतीत धरलेला आहे, त्याला संरक्षण मिळायला रजिस्ट्रेशन लागत नाही, क्लिक केला की हक्क तयार. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर फोटोचा हक्क फोटोग्राफर जिवंत असेपर्यंत आणि वर ६० वर्षं चालतो. परदेशातल्या फोटोग्राफरचा फोटो असला तरी बर्न या आंतरराष्ट्रीय करारामुळे इथं संरक्षण आहेच. आणि हे लोक आपल्याला शोधतात कसे, तर माणूस बसून नाही शोधत, इमेज ओळखणारं सॉफ्टवेअर वेबसाइटी चाळत असतं. फोटो विकणाऱ्या गेटी इमेजेस कंपनीने २०११ मध्ये पिकस्काउट नावाची असंच काम करणारी कंपनी विकत घेतली होती. आता पिक्सी, कॉपीट्रॅक, पिकराइट्स असे बरेच जण हेच करतात. त्यामुळे "आपल्या एवढ्याशा साइटवर कोण पाहते" हे विसरा.

सॉफ्टवेअर शोधतं म्हणून चुकतंही. अमेरिकेतल्या कॅरोल हायस्मिथ या फोटोग्राफरबाईंनी आपले हजारो फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेस या तिथल्या सरकारी ग्रंथालयाला, म्हणजे लोकांच्या वापरासाठी, देऊन टाकले होते. त्यांनाच अलामी एजन्सीच्या वतीने १२० डॉलरची मागणी आली, स्वतःच काढलेल्या फोटोसाठी! २०१६ मध्ये त्यांनी उलट, त्यांचे फोटो विकणाऱ्या गेटीवर १ अब्ज डॉलरचा दावा ठोकला, तो कोर्टात फारसा टिकला नाही ती गोष्ट वेगळी, पण पत्र पाठवणाऱ्याकडे हक्क असेलच असं धरून चालायचं नाही एवढं त्यातून कळतं.

समन्स हे कोर्टाचं असतं. त्यावर कोर्टाचं नाव, दाव्याचा नंबर आणि वर्ष, वादी प्रतिवादीची नावं, हजर व्हायची तारीख, न्यायाधीशाची किंवा कोर्टाच्या अधिकाऱ्याची सही आणि कोर्टाचा शिक्का असतो, सोबत दाव्याची प्रत जोडलेली असते. बेलिफ, म्हणजे कोर्टाचा माणूस, घेऊन येतो, पोस्टाने येतं, आजकाल ईमेलवर पण येऊ शकतं, म्हणून "व्हॉट्सअॅपवर आलं म्हणजे फ्रॉड" किंवा "कागदावर आलं म्हणजे खरं" असा हिशोब लावू नका. खात्री करायची सोपी जागा म्हणजे ई-कोर्ट्सची सरकारी साइट किंवा अॅप, तिथं केसचा १६ अक्षरी सीएनआर नंबर टाकायचा किंवा पार्टीच्या नावाने शोधायचं. केस असेल तर दिसते. तेवढ्यानेही समाधान नाही झालं तर सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात जाऊन विचारा, अर्धा दिवस जाईल पण झोप येईल.

समन्सचं घड्याळ कायद्याने चालतं, समोरच्याच्या मर्जीने नाही. ते मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी जवाब द्यायचा असतो. कॉपीराइटचा वाद ३ लाख किंवा त्याच्या वरचा असेल तर तो सहसा कमर्शियल दावा होतो, तिथं कारण दाखवून आणि खर्च भरून जास्तीत जास्त १२० दिवसांपर्यंत मुभा मिळू शकते, १२१ व्या दिवशी जवाब द्यायचा हक्कच गेला, मग कितीही हातपाय आपटा. गैरहजर राहिलात तर एकतर्फी चालतं. म्हणून माझ्या मित्राचा ४१ वा दिवस हा वाईट दिवस होता पण शेवटचा नव्हता.

आता त्याच्या ड्रॉवरमधला मधला कागद, कारण तोच सगळ्यात फसवा. तो होता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा. सरकारी नाव, सरकारी शिक्का, पाहणाऱ्याला वाटतं हेच समन्स. तसं नाही. कमर्शियल कोर्ट कायद्यात १२ ए म्हणून कलम आहे, तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर दावा लावण्याआधी मध्यस्थीचा प्रयत्न करावाच लागतो, सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये हे बंधनकारकच असल्याचं सांगितलं. तर तो कागद म्हणजे "या, बसा, बोला" असं बोलावणं. केस अजून लागलेली नसते. पण गेला नाहीत तर मध्यस्थी झालीच नाही असा अहवाल निघतो आणि समोरच्याचा दाव्याचा रस्ता मोकळा होतो. मित्राला मी म्हटलं, तुला चहा पाजून मिटवायला बोलावलं होतं रे, तू गेला नाहीस. त्याने काही उत्तर दिलं नाही.

परत काकाजींच्या पत्राकडे येऊ, कारण दहातल्या नऊ जणांकडे हेच येतं. सगळ्यात आधी मी ईमेलमधली लिंक दाबली नाही. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं की वेबसाइटच्या कॉन्टॅक्ट फॉर्ममधून "तुम्ही माझे फोटो चोरले, पुरावा इथं बघा" असे मेसेज पाठवून लिंकमधून व्हायरस घुसवायचा धंदा चालू आहे. म्हणून कंपनीची साइट वेगळी शोधून, तिथला केस नंबर टाकून पाहिलं. खरी निघाली. मग फोटो साइटवरून काढला, पण काढायच्या आधी आमच्या पानाचे, तारखेचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवले. फोटो काढला की मागणी संपली असं समजू नका, वापर तर होऊन गेलेला असतो, फक्त पुढचं नुकसान थांबतं.

मग उत्तर. फोनवर काही बोलायचं नाही हे काकाजींना तीन वेळा सांगितलं, कारण ते फोनवर "हो जी, चूक झाली जी, मुलाने टाकला जी" म्हणायला तयार होते. एका ओळखीच्या वकीलसाहेबांनी मजकूर पाहिला, वर "विदाउट प्रेज्युडिस" टाकायला लावलं, म्हणजे तडजोडीच्या बोलण्यातलं उद्या आपल्यावर कबुली म्हणून येऊ नये. मजकूर एवढाच: तुमचं पत्र मिळालं, फोटो साइटवरून काढून टाकला आहे, याने कुठलीही जबाबदारी मान्य केली असं नाही, कृपया फोटोग्राफर कोण, त्याच्याशी तुमचा करार काय, फोटो पहिल्यांदा कधी आणि कुठं प्रसिद्ध झाला, आणि ही रक्कम कशावरून काढली ते कळवा. बस. माफीनामा नाही, शिवीगाळ नाही, "तुम्ही चोर" नाही.

त्या पत्रात एक मजा होती, १,५०,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो असं लिहिलेलं. तो आकडा अमेरिकेच्या कायद्यातला, तिथल्या कोर्टातला, जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाचा कमाल आकडा. आपल्याकडे असा ठरलेला दर नाही, भरपाई पुराव्यावरून ठरते. आपल्या कायद्यात ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड असं गुन्ह्याचं कलम ६३ आहे खरं, आणि ते दखलपात्र, अजामीनपात्र आहे असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये म्हटलंय, पण ते जाणूनबुजून करणाऱ्यासाठी आहे. पोलीस स्टेशनातून बोलावणं आलं तर तो तिसराच विषय, तिथं हा लेख वाचत बसू नका, वकील घेऊन जा.

लोक उत्तरात काय काय लिहितात ते पण सांगतो. "गुगलवरून घेतला" ही सफाई नाही, कबुली आहे. "वॉटरमार्क नव्हता", "खाली क्रेडिट दिलं", याने परवानगी मिळत नाही. "रॉयल्टी फ्री आहे" याचा अर्थ फुकट असा नाही, एकदा पैसे देऊन पुन्हा पुन्हा वापरता येतो असा आहे. "माहीत नव्हतं" याला कलम ५५ मध्ये थोडी जागा आहे, पण हक्क असेल असं वाटायला काही कारणच नव्हतं हे सिद्ध करावं लागतं, आणि मिठाईचा असा चकचकीत स्टुडिओ फोटो आभाळातून पडला असं कोण म्हणेल! उलट बाजूने, पाठवणाऱ्याकडे हक्कच नसताना धमक्या देत असेल तर कलम ६० खाली आपणही कोर्टात जाऊ शकतो, हे वकीलसाहेबांनी सांगेपर्यंत मला ठाऊक नव्हतं.

अठरा दिवसांनी त्यांचं उत्तर आलं, फोटोग्राफरचं नाव, कराराचं पान, सगळं होतं. म्हणजे हक्क त्यांचाच. मी त्यांच्याच साइटवर तोच फोटो वेबसाइटसाठी घेतला तर किती पडतो ते पाहिलं, सहा हजारांच्या आत होता. तो स्क्रीनशॉट जोडून आम्ही नऊ हजार म्हटलं, ते चाळीस म्हणाले, मग तीस, शेवटी चौदा हजारांवर थांबले. पैसे द्यायच्या आधी कागद करून घेतला की या फोटोच्या आजवरच्या सगळ्या वापराचा हिशोब मिटला, काकाजींवर आणि साइट बनवणाऱ्यावर, म्हणजे माझ्यावर, पुन्हा मागणी नाही. चौदातले सात मी दिले, काकाजी नको नको म्हणत होते.

मित्राचा वकील ५२ व्या दिवशी जवाब घेऊन उभा राहिला, खर्च भरायला लावून कोर्टाने घेतला. आता त्याची तारीख जुलैत आहे आणि मध्यस्थीला बसायला तो स्वतःच विचारून राहिला आहे.

काकाजींच्या साइटवर आता स्टीलच्या ताटातली बर्फी आहे, माझ्या मोबाइलवर काढलेली, एका कोपऱ्यात माशी पण आली आहे, ती काढू का विचारलं तर म्हणाले राहू दे, आपली आहे.