नजर चुकवली म्हणजे खोटं बोलला?

‘बघ, डोळ्याला डोळा देत नाहीये, म्हणजे नक्की काहीतरी लपवतोय.’ हे आपण सगळेच सहज बोलून जातो. देहबोलीच्या व्हिडिओंत तर तो नियम म्हणूनच शिकवला जातो. ही समजूत फार जुनी आहे. तिच्यावरचा सर्वांत शहाणा आक्षेपही शेकडो वर्षं जुना आहे, आणि तो आपल्याकडचा आहे.

‘नेत्रवक्त्रविकारैश्च’ हा श्लोक संस्कृत शिकलेल्यांच्या कानावरून गेलेला असतो. डोळे आणि चेहरा यांत होणाऱ्या बदलांवरून मनातलं कळतं, असं तो सांगतो. तो पंचतंत्रात आहे, तसाच मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही आहे, आणि तिथे विषय न्यायदानाचा आहे. याज्ञवल्क्यस्मृतीने तर खोट्या पक्षकाराची आणि साक्षीदाराची लक्षणंच दिली आहेत. तो एका जागी थांबत नाही, ओठांचे कोपरे चाटतो. कपाळाला घाम फुटतो, चेहऱ्याचा रंग उडतो. घशाला कोरड पडून शब्द अडखळतात, आधीच्या बोलण्याशी पुढचं जुळत नाही. समोरच्याच्या बोलण्याला आणि नजरेला तो धड प्रतिसाद देत नाही, ओठ मुडपतो. आजच्या कोर्टात बसून कुणी लिहिलं असावं, इतकं हे बारीक निरीक्षण आहे.

या स्मृतीवर सुमारे ९०० वर्षांपूर्वी विज्ञानेश्वराने टीका, म्हणजे तिचा अर्थ उलगडणारा ग्रंथ, लिहिली. तो कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळातला. त्याची टीका म्हणजेच ‘मिताक्षरा’. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीत तिचं नाव आजही निघतं. लक्षणांच्या या श्लोकांवर तो स्पष्ट लिहितो, की यांतून दोषाची फक्त शक्यता कळते, निश्चय होत नाही. कारण माणसाचा मूळ स्वभाव कोणता आणि प्रसंगामुळे झालेला बदल कोणता, हे वेगळं काढणं कठीण. एखाद्या चतुर माणसाला ते जमलं, तरी तेवढ्यावर कुणाला हरलेला ठरवता येत नाही. मरणाची चिन्हं दिसली म्हणून कुणी जिवंत माणसाचं क्रियाकर्म करत नाही, असा दाखला तो देतो. या विषयावर मी वाचलेलं याहून नेमकं काही नाही.

प्रयोगशाळेत डोळ्यांचा अभ्यास खूप उशिरा सुरू झाला. १९६० मध्ये एकहार्ट हेस आणि जेम्स पोल्ट या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं, की आवडीचं चित्र समोर आलं की डोळ्याची बाहुली मोठी होते. पुढे दिसलं, की अवघड हिशेब मनात करतानाही ती मोठी होते. उजेड कमी झाला तर होतेच. म्हणजे बाहुली काहीतरी सांगते खरी, पण नेमकं काय, ते सांगत नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत बँडलर आणि ग्राइंडर यांनी न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग ही भाषा, विचार आणि वागणं यांचा संबंध जोडणारी पद्धत मांडली. उजवीकडे वर बघणारा खोटं बोलतो, हा दावा त्यातूनच पसरला. २०१२ मध्ये मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन आणि सहकाऱ्यांनी तो तपासला, तेव्हा त्याला काहीच आधार मिळाला नाही.

२००६ मध्ये ५८ देशांतल्या लोकांना विचारलं गेलं, की खोटं कसं ओळखता? जवळजवळ दोनतृतीयांश लोकांनी नजर चुकवण्याचं नाव घेतलं. त्याच वर्षी बाँड आणि डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी आधीचे शेकडो प्रयोग एकत्र तपासले. खरं-खोटं ओळखण्यात माणसं सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर निघाली. छापा-काटा केला असता तर ५० टक्के आलेच असते.

आपल्या घरांत तर नजरेचा अर्थ आणखी गुंतागुंतीचा. काच फुटलेली असते, पोर मान खाली घालून उभं असतं. आई म्हणते, ‘इकडे बघ माझ्याकडे, खरं सांग.’ ते मान वर करून बोलू लागलं, की तिथेच बसलेले आजोबा गरजतात, ‘डोळे वर करून बोलतोस?’ आता त्या पोराने बघावं कुठे? मान खाली घालणं हा वडीलधाऱ्यांचा मान आहे, हे शिकतच कित्येक जण मोठे झाले. पुढे नोकरीच्या मुलाखतीला तीच सवय नडते आणि समोरचे ‘आत्मविश्वास नाही’ असा शेरा मारतात. मला हा उघड अन्याय वाटतो.

कायद्यानेही नजरेला जागा दिली आहे, पण बेताची. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २८० सांगत होतं, की साक्ष नोंदवताना साक्षीदाराच्या वागण्याबद्दल जे महत्त्वाचं वाटेल, ते न्यायाधीशाने टिपून ठेवावं. तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम आहे. साक्षीदाराला घाम फुटला, तो गडबडला, हे त्या टिपणात येतं. साक्ष खरी की खोटी, हे मात्र बाकीच्या पुराव्याशी ताडूनच ठरवावं लागतं.