मैलापाण्यातलं इंधन

विल्यम ओसवाल्ड शेवाळाकडे वळले ते तेलाच्या शोधात नव्हे, मैलापाणी स्वच्छ करण्यासाठी. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सॅनिटरी इंजिनिअरिंग शिकवणाऱ्या या शास्त्रज्ञाने (1919–2005) जवळजवळ सगळी कारकीर्द उथळ, हिरव्या तळ्यांवर घालवली. शेवाळापासून इंधन म्हटलं की मोठ्या कंपन्यांची नावं पुढे येतात, ओसवाल्ड यांचं क्वचितच. मला मात्र या विषयातला सर्वांत शहाणा विचार त्यांचाच वाटतो. आमच्या बडोद्याला तर तो फारच लागू पडतो.

मैलापाण्यातली घाण जिवाणू खातात. त्यासाठी त्यांना प्राणवायू लागतो, म्हणून सांडपाणी प्रक्रिया केंद्रात मोठ्या मोटरी लावून पाण्यात हवा सोडतात. केंद्राच्या वीजबिलाचा मोठा भाग इथेच जातो. ओसवाल्ड यांनी हे काम शेवाळावर सोपवलं. उन्हात शेवाळ प्राणवायू सोडतं, तो जिवाणूंना मिळतो. जिवाणू कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया सोडतात, ते शेवाळ घेतं, शिवाय पाण्यातलं फॉस्फेटही. 1950च्या दशकात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हा हिशोब प्रयोगांनी पक्का केला. त्यातून वळणावळणाचं, जेमतेम फूटभर खोल तळं तयार झालं. त्यात पाणी सावकाश फिरत राहतं, म्हणजे प्रत्येक पेशीला आळीपाळीने ऊन मिळतं. आज जगभर शेवाळाची शेती ज्या ‘रेसवे’ तळ्यांत होते, ती याच घडणीची.

मग रोज तयार होणाऱ्या शेवाळाचं करायचं काय? सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ क्लॅरेन्स गोलूके यांच्यासोबत ओसवाल्ड यांनी ते बंद टाकीत कुजवून मिथेन काढला आणि 1957 मध्ये निष्कर्ष छापले. शेवाळाची पेशीभित्ती चिवट असते. त्यामुळे गॅस मिळाला, पण मैल्याच्या गाळापेक्षा कमी. तरीही 1960 मध्ये दोघांनी पूर्ण चक्र मांडलं: मैलापाण्यावर शेवाळ, शेवाळापासून मिथेन, मिथेनवर वीज, आणि धुरातला कार्बन डायऑक्साइड परत तळ्यात. तेव्हा तेल स्वस्त होतं, हवामानबदलाची चर्चा वर्तमानपत्रांत फारशी नव्हती.

तेलाचे दर भडकल्यावर सगळ्यांचं लक्ष मिथेनवरून शेवाळातल्या तेलाकडे गेलं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने 1978 ते 1996 या काळात मोठा प्रकल्प चालवला, सुमारे 3000 वाण गोळा केले. अडचण पेशीच्या स्वभावातच निघाली. नायट्रोजनचा पुरवठा तोडला की बऱ्याच जातींची पेशी तेल साठवते, पण तिची वाढ मंदावते. तेलाचं प्रमाण वाढतं आणि एकूण पीक घटतं. याच प्रकल्पाच्या, न्यू मेक्सिकोतल्या रॉझवेलच्या उघड्या तळ्यांत थंड रात्रींनीही उत्पादन मारलं.

काढणीचा हिशोब मी मुद्दाम मांडते, कारण उत्साही लेखांत तो गाळला जातो. उघड्या तळ्यात लिटरमागे साधारण अर्धा ग्रॅम सुकं शेवाळ मिळतं. त्यात चौथा हिस्सा तेल धरलं, तर एक लिटर तेलासाठी सात हजार लिटरच्या वर पाणी उपसून गाळावं लागेल. खत, वीज, गाळणी हा सगळा खर्च एका लिटर तेलाच्या डोक्यावर.

ओसवाल्ड यांच्या मांडणीत हाच खर्च वाटला जातो. खत फुकट, कारण ते मैलापाण्यातच असतं. पाणी स्वच्छ करायचंच असतं, त्याचे पैसे पालिका देतेच. इंधन हा जोडधंदा ठरतो. एक लिटर शेवाळी डिझेलला बडोद्याजवळच्या कोयलीच्या रिफायनरीतल्या डिझेलशी दरात झुंजायची गरज उरत नाही.

बडोद्यात ऊन भरपूर, हिवाळा सौम्य. नळाने घरात येणारा गॅसही इथे जुना, त्यामुळे मिथेन वापरायचा कसा हे लोकांना समजावावं लागणार नाही. अडचणी दोन. पावसाळ्यात ढगांमुळे वाढ मंदावते आणि पाणी पातळ होतं. दुसरी अडचण जागेची, ती जास्त कठीण. रोज येणारं दहा लाख लिटर मैलापाणी पाच दिवस 30 सेंटिमीटर खोलीच्या तळ्यात ठेवायचं म्हटलं, तर सुमारे 17 हजार चौरस मीटर जागा लागते, आणि ही फक्त रोजच्या दहा लाख लिटरची सोय. विश्वामित्री नदीकाठच्या भर शहरात एवढी जमीन कोण देणार?

जिल्ह्यातल्या डभोई, पादरा, वाघोडिया या छोट्या गावांत मात्र चित्र वेगळं आहे. मैलापाणी बेताचं, जमीन तुलनेने मोकळी. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आपल्या मराठी घरांतून बॉटनी किंवा सिव्हिलला जाणाऱ्या मुलांनी तिथल्या एखाद्या छोट्या तळ्यावर वर्षभर मोजमाप घ्यावं असं मला मनापासून वाटतं: पहाटेचा आणि दुपारचा प्राणवायू, अमोनिया, आणि शेवाळ फस्त करणारे रोटिफर नावाचे सूक्ष्म प्राणी कोणत्या महिन्यात वाढतात ते. बर्कलीचे आकडे इथे तसेच चालणार नाहीत. श्रावणातल्या ढगाळ आठवड्यात तळं किती काम करतं, हे इथेच मोजावं लागेल.