नियोजित खाणींच्या भूदृश्य परिणामांचं मॉडेलिंग

एखादी खाण सुरू व्हायच्या आधीच, ती वीस-तीस वर्षं चालली तर तिथला डोंगर, माती, पाणी, जंगल, शेती यांचं काय होईल हे कॉम्प्युटरवर नकाशे आणि गणित मांडून बघायचं, त्याला हे लांबलचक नाव आहे. भूदृश्य म्हटलं की लोकांना फक्त व्ह्यू आठवतो, पण इथे त्यात डोंगराचा उतार, त्यावरून उतरणारा व्हाळ म्हणजे ओढा, खालची भातशेती, वरची गुरं चरायची जागा असं सगळं एकमेकांत गुंतलेलं धरतात. भारतात हे काम मुख्यतः ईआयए म्हणजे पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या रिपोर्टसाठी होतं, आणि तो रिपोर्ट 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे बनवतात.

सुरुवात उंचीच्या नकाशापासून होते. फेब्रुवारी 2000 मधे एंडेव्हर या अमेरिकन स्पेस शटलने रडार लावून जगाचा बराचसा भाग मोजला, तो 30 मीटर चौकटींचा डेटा आज फुकट मिळतो म्हणून बरेच जण तोच घेतात. त्यावर सॅटेलाइट फोटोंवरून काढलेला जमीन वापराचा नकाशा चढवायचा, मग खाणीच्या प्लॅनमधले वर्षवार खड्डे आणि मातीचे डंप चिकटवायचे, म्हणजे भविष्यातला डोंगर तयार. आता त्यावर पाऊस पाडायचा, वारा सोडायचा, पाणी उपसायचं. धुळीसाठी एअरमॉड, भूजलासाठी मॉडफ्लो, माती वाहून जाण्यासाठी युएसएलई नावाचं समीकरण, खड्डा कुठून कुठून दिसेल त्यासाठी व्ह्यूशेड, अशी ही मॉडेलं. पण 30 मीटरच्या चौकटीत दोन मीटरचा बंधारा दिसतच नाही, आणि दाट जंगलात ते रडार जमिनीऐवजी झाडांच्या शेंड्याजवळची उंची मोजून येतं, म्हणजे जिथे अचूकता हवी तिथेच गोची.

खरी मेख मात्र सॉफ्टवेअरमधे नसते, रेघ कुठे मारली त्यात असते. आपल्याकडे खाणपट्टा म्हणजे कोअर झोन आणि त्याच्या हद्दीपासून 10 किलोमीटरपर्यंत बफर झोन, एवढाच अभ्यास. गोव्याचं उदाहरण घेतलं की हे लगेच कळतं. तिथली खाणपट्ट्यांची रचना पोर्तुगीजांच्या काळातल्या सवलतींमधून आलीय, ज्यांचं 1987 च्या कायद्याने लीजमधे रूपांतर झालं, आणि त्या लहान लहान, साधारण 100 हेक्टरच्या आतल्या. 10 किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ 314 चौरस किलोमीटरचं होतं आणि अख्खा गोवा 3702 चौरस किलोमीटर, म्हणजे अशी बारा वर्तुळं झाली की राज्य संपलं! डिचोलीपासून सांगेपर्यंतच्या पट्ट्यात तर कितीतरी लीज एकमेकींना खेटून आहेत, त्यामुळे तोच व्हाळ अनेक रिपोर्टांत येतो, आणि प्रत्येक रिपोर्ट आपल्या एका खाणीचा गाळ थोडासाच आहे असं दाखवू शकतो. सगळ्यांचा थोडा थोडा मिळून किती, ही बेरीज करायची जबाबदारी कोणा एकाची नाही. याला एकत्रित परिणाम म्हणतात. 2012 मधे गोव्यातलं खाणकाम थांबलं, एप्रिल 2014 मधे सुप्रीम कोर्टाने वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घातली, ती राज्यभराची होती, तेव्हा कुठे आकडा लीजच्या बाहेर पडून एकूण भाराचा झाला. पुढे फेब्रुवारी 2018 मधे कोर्टाने 88 लीजचं नूतनीकरणच रद्द केलं.

दुसरी गोष्ट पावसाची. हवा-पाण्याचा बेसलाइन डेटा, म्हणजे खाणीआधीच्या स्थितीचं मोजमाप, एका सीझनचा घेतात आणि तो सीझन पावसाळा सोडून असतो. आता गोवा-कोकणात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तो जवळपास सगळा चार महिन्यांत, डंप सरकतो तेव्हाच, लाल पाणी शेतात घुसतं तेव्हाच, आणि मोजमाप आपण घेतोय डिसेंबरात!! लोहखनिजाच्या एका टनामागे गोव्यात साधारण अडीच-तीन टन माती-दगड निघतो, तो कुठेतरी रचावाच लागतो. मातीच्या धुपीचं युएसएलई समीकरण अमेरिकेतल्या शेतांवरच्या प्रयोगांतून आलंय, तिथले प्लॉट मुख्यतः 3 ते 18 टक्के उताराचे होते, आणि आपल्याकडे डंपचा एकूण उतार 28 अंशांपर्यंत चालतो, म्हणजे 53 टक्के. समीकरण तिथेही उत्तर देतं, त्याला कोण अडवणार, पण त्या उत्तरावर भरवसा ठेवणं अवघड.

कोकणातल्या सड्यांची, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट जांभ्याच्या पठारांची, तर वेगळीच कथा. सॅटेलाइटला एप्रिलमधे सडा काळाकुट्ट उघडा खडक दिसतो, त्यामुळे जमीन वापराच्या नकाशात तो पडीक या रकान्यात जाऊन बसतो आणि मॉडेलमधे पडीक जमीन गेली तर नुकसान जवळपास शून्य. प्रत्यक्षात पाणी त्या जांभ्यातूनच मुरतं आणि खाली डोंगराच्या पायथ्याशी झरे फुटतात, ज्यावर कुळागरं म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा उभ्या असतात, शिवाय जांभ्यात पोकळ्या आणि नळ्यासारखे मार्ग असतात, तर मॉडफ्लोमधे खडक बरेचदा एकसारखा सच्छिद्र धरून चालतात. मग खड्डा पाण्याच्या पातळीखाली गेला की मॉडेल गोल गुळगुळीत परिणाम दाखवतं आणि गावात मात्र एक विहीर आटते, शेजारची तशीच राहते. कुठला झरा कुठल्या महिन्यापर्यंत वाहतो हे गावातल्या म्हाताऱ्या बायकांना पाठ असतं, मॉडेल तपासायला यापेक्षा स्वस्त डेटा नाही, आणि जनसुनावणी होते रिपोर्टचा मसुदा झाल्यावर.

विदर्भात प्रश्न वाघाच्या वाटांचा आहे. चंद्रपूरच्या कोळसा खाणी आणि ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प शेजारी शेजारी, तिथे नुसती तोडलेली झाडं मोजून भागत नाही, वाघ एका जंगलातून दुसऱ्यात जातो ती वाट तुटते का हे बघावं लागतं. यासाठी सर्किटस्केपसारखी मॉडेलं आहेत, त्यात जंगल म्हणजे वीज सहज वाहणारी तार आणि खाण, रस्ता, वस्ती म्हणजे अडथळा, मग करंट कुठून जातो त्यावरून कॉरिडॉर कळतो. ताडोबाजवळचा लोहारा कोळसा ब्लॉक 2009 मधे अडला तो याच शेजारामुळे.

उलट्या बाजूने सुरुवात करायचा प्रयत्नही झालाय. माधव गाडगीळ समितीने 2011 च्या अहवालात पश्चिम घाटाचे अंदाजे 9 गुणिले 9 किलोमीटरचे सुमारे 2200 चौकोन पाडले, प्रत्येकाची संवेदनशीलता ठरवली आणि पहिल्या, म्हणजे सगळ्यात संवेदनशील पातळीच्या भागात नवीन खाण नको म्हटलं. म्हणजे आधी प्रदेश, नंतर प्रकल्प. चौकोन फार ढोबळ आहेत अशी टीका झाली, ती काही खोटी नव्हती, पण 10 किलोमीटरच्या वर्तुळांपेक्षा विचार तरी सरळ होता.

खाण बंद झाल्यानंतरचं मॉडेलिंग आपल्याकडे अजून बाल्यावस्थेत आहे. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतल्या रेंजर युरेनियम खाणीत खनिज काढून उरलेला गाळ 10000 वर्षं वेगळा राहिला पाहिजे अशी अट आहे, म्हणून तिथे भराव घातलेल्या जमिनीवर हजारो वर्षांचा पाऊस पाडून घळी कुठे पडतील ते बघतात. आपल्याकडे 2015 पासून लोहखनिजासारख्या खनिजांची नवीन लीज 50 वर्षांची, मॉडेलही फार तर तेवढंच धावतं. त्यानंतरच्या खड्ड्यात साठलेलं पाणी, त्याची भिंत, खालची वस्ती, हे बहुतेक रिपोर्टात एका परिच्छेदात उरकलेलं असतं, वृक्षारोपण करू म्हणून.